पूर्वेच्या उताराचं कारण

खाणीच्या ऑफिसात चहाच्या कपावर बशी उलटी घालूनच चहा देतात, नाहीतर दुसऱ्या घोटाला दाताखाली खडी येते. तपासणीला आलेल्या बाईंनी ती बशी काढून बाजूला ठेवली आणि बोलत राहिल्या, तेव्हा खाणवाल्याला मनातून बरं वाटलं. जिला चहा झाकून ठेवायचं सुचत नाही ती आपल्याला काय अडचणीत आणणार, असा त्याचा हिशेब. माणूस हुशार होता, पण हिशेब चुकायला हुशारी कधी आड येत नाही.

बाईंचं काम असं होतं. त्या खोऱ्यातलं जंगल, कुरणं, दगड आणि पाणी कुणी किती वापरायचं, यावरून पूर्वी नुसत्या मारामाऱ्या व्हायच्या. शेवटी सरकारने सगळ्यांना एका टेबलाभोवती आणून बसवलं. खाणवाला, गोठेवाले, जंगलखातं, खालच्या वस्तीची पाणी समिती आणि आणखी चारदोन जण. मतदान नाही. समन्वयक एकेकाला विचारणार आणि प्रत्येकाने ‘चालेल’ म्हटलं तरच निर्णय झाला. एकाने जरी नकार दिला तरी सगळे पुन्हा बसणार. सहा वर्षं भांडून, रुसून, उठून जाऊन आणि गुपचूप परत येऊन त्यांनी अख्ख्या खोऱ्याचा आराखडा पुरा केला. टेबल हा शब्द तिथे आता माणसासारखा वापरला जाई. टेबल रुसलं, टेबल म्हणालं, टेबलाने ऐकलं. हे एकत्र बसणं खरंच एकत्र होतं की नुसता देखावा, ते तपासायला या बाई आल्या होत्या, आणि त्यांनी बरं म्हटल्याशिवाय आराखडा कायम होणार नव्हता.

“टेबलावर सगळ्यांचं ऐकून घेतलं गेलं का? दहापैकी किती गुण द्याल?” बाईंनी विचारलं.

“दहा.”

“तुमचं स्वतःचं?”

“दहाच. अकरा देता येत असतील तर अकरा लिहा.”

बाई हसल्या नाहीत. त्या एकेका निर्णयावर येत गेल्या. पश्चिमेची खाण बंद करायला तुम्ही तयार का झालात, या प्रश्नावर खाणवाला खुशीत आला. हरलेल्या लढाईची गोष्ट सांगायला त्याला आवडत असे.

“दोन वर्षं ऐकलं नाही मी. मग नळबाईने काय करावं? शाळेच्या खिडक्यांतली धूळ झाडून पिशवी भरून आणली आणि टेबलावर माझ्यासमोर ओतली. माझ्या चहात पडली ती. त्यावर काय बोलणार? चालेल म्हटलं.”

नळबाई म्हणजे पाणी समितीच्या अध्यक्षा. हे नाव त्यानेच रागाच्या भरात ठेवलं होतं, आणि नळबाईंनी ते इतक्या तोऱ्यात मिरवलं की देणाऱ्यालाच पस्तावा व्हावा.

“हे ठीक आहे,” तपासणीच्या बाई म्हणाल्या. “माझी एक पद्धत आहे. निर्णयाचं कारण मी नेहमी हरलेल्या माणसाला विचारते. जिंकणाऱ्याला काय, सगळंच पटलेलं असतं. आपण का हरलो हे हरलेल्याला धड सांगता आलं, तर निर्णय खरा.” त्यांनी पान उलटलं. “आता पूर्वेचा उतार. तो टेबलाने खाणीला दिला. इथे नळबाई हरल्या.”

“हरल्या,” खाणवाला म्हणाला, आणि आवाजातला अभिमान काही त्याला लपवता आला नाही.

“काल मी त्यांना भेटले. पश्चिमेवर तासभर बोलल्या. पूर्वेचा विषय काढला तर म्हणाल्या, झालं ते झालं. गोठेवाल्यांना फोन केला, त्यांना तेवढ्यात गाय आठवली. जंगलखात्याचे साहेब घड्याळ बघायला लागले. म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही त्यांना कशाने पटवलंत?”

खाणवाल्याने तोंड उघडलं. त्याला वाटलं, आता बोलणं आपोआप बाहेर येईल. नेहमी येतं. बाहेर दगड फोडायच्या क्रशरचा खडखडाट चालू होता, खिडकीची काच बारीक थरथरत होती, आणि त्याला एक शब्द सुचेना.

“पटवलं,” तो म्हणाला. “नीट समजावून सांगितलं.”

“काय सांगितलंत?”

इथेच घोडं पेंड खात होतं. बाईंनी वही मिटली. परवा शेवटची बैठक होती. ज्या निर्णयाचं कारण हरलेल्याच्या तोंडून मिळणार नाही तो रद्द धरून पुन्हा टेबलावर जाईल, एवढं सांगून त्या उठल्या. चहा तसाच राहिला होता, वर करडी साय धरून.

पूर्वेचा उतार पुन्हा टेबलावर जाणं म्हणजे काय, हे खाणवाल्याला कुणी समजावायची गरज नव्हती. पश्चिमेची खाण बंद झालेली. चालू खड्ड्यात आता दगडापेक्षा मातीच जास्त निघत होती आणि त्याचा परवाना वर्षाअखेर संपत होता. उतार मिळाला तर पुढची दहा-पंधरा वर्षं निघतील. नाही मिळाला तर क्रशर बंद, आणि त्या क्रशरवर चाळीस घरांच्या चुली पेटत होत्या. शिवाय लेक होती. आई गेल्यावर ती शहरातली चांगली नोकरी सोडून बापाच्या मदतीला आली होती, आणि आता ऑफिस, डंपर, पोकलेन आणि बाप, सगळं तीच चालवत होती.

“एवढंच ना?” लेक म्हणाली. “मग जा आणि विचारा लोकांना. त्यांनी हो म्हटलंय म्हणजे काहीतरी पटलं असेलच. नळबाईंना आठवत नसेल तर दुसऱ्या कुणाला आठवेल. त्याने नळबाईंना आठवण करून द्यायची.”

सोपं होतं. खाणवाला जेवून लगेच निघाला.

गोठेवाला धारा काढायच्या यंत्राच्या नळ्या गरम पाण्यात धूत होता. खाणवाला त्याचा जुना दोस्त, तरी टेबलावर दोघांनी एकमेकांच्या उरावर बसायचं कधी बाकी ठेवलं नव्हतं. आता मात्र त्याने लगबगीने स्टूल पुसून पुढे केलं, आणि हे स्टूल पुसणं खाणवाल्याला उगाच खटकलं.

“पूर्वेच्या उताराला तू चालेल म्हणालास. का रे?”

“पटलं म्हणून.”

“काय पटलं?”

“तुम्ही नकाशा एवढा छान समजावून सांगितलात भाऊ. कुठे खणणार, कुठे झाडं लावणार.”

“मी नकाशा उघडलाच नव्हता,” खाणवाला सावकाश म्हणाला. त्याला ते बोलता बोलताच आठवलं. नकाशा गुंडाळीतच होता. रबरसुद्धा काढलं नव्हतं.

गोठेवाल्याने नळी उजेडाकडे धरून आत बघितलं. स्वच्छ नळी तो पुन्हा धुवायला लागला.

“आपण पंधरा वर्षांचे दोस्त,” खाणवाला म्हणाला. “त्या उतारावर तुझ्या गाई चरतात. तू कुरणाच्या एका वाफ्यासाठी माझ्याशी वर्षभर बोलला नव्हतास. आणि अख्खा उतार चालेल?”

“जाऊ द्या ना भाऊ. मिळालाय ना तुम्हाला? मग कशाला खोदून काढताय.”

दगड खोदून जन्म गेलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे उलट त्याला पहार हातात देण्यासारखं होतं. तो जंगलखात्याच्या साहेबाकडे गेला. साहेबाने कारण दिलं. कारण चांगलं होतं, भाषा पुस्तकी होती, फक्त ते दुसऱ्याच उताराचं होतं. खाणवाल्याने ते लक्षात आणून दिलं तेव्हा साहेबाचे कान लाल झाले आणि तो म्हणाला, “तुम्ही बसा, पाणी घ्या.” पुन्हा तेच. सगळे त्याला बसा म्हणत होते, पाणी घ्या म्हणत होते. कधीपासून, हे त्याने गाडीत बसल्यावर आठवून पाहिलं.

उताराचा निर्णय झाला ती बायको गेल्यानंतरची पहिलीच बैठक होती. घरात बसून करायचं काय, म्हणून तो गेला होता. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, ती समन्वयकाने हळूच दाखवून दिली. कुणीतरी कप पुढे सरकवला. विषय निघाला, तो दोन वाक्यं बोलला असेल नसेल, आणि समन्वयकाने विचारायला सुरुवात केली. चालेल. चालेल. चालेल. टेबलाला फेरी घालून शब्द परत त्याच्यापाशी आला. त्या दिवशी घरी जाताना त्याला वाटलं होतं की आपण जिंकलो. बायकोला सांगायचं म्हणून घाईने जिनासुद्धा चढला होता.

आता त्याला संताप आला. कुणाचा, ते ठरेना, म्हणून सगळ्यांचाच आला.

पंपहाऊस नदीकाठी होतं. आत दोन पंप इतका आवाज करत की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागे. नळबाई ऑपरेटरला व्हॉल्व्हचं काहीतरी समजावत होत्या. खाणवाला दिसताच त्यांनी ऑपरेटरला बाहेर पाठवलं.

“मला कारण पाहिजे,” खाणवाला ओरडला.

“आहे माझ्याकडे,” नळबाई ओरडल्या. “तयार केलंय. परवा सांगते.”

तो इतका गडबडला की पुढचं ओरडायचं विसरला.

“त्या बाई परत आल्या होत्या सकाळी,” त्या म्हणाल्या. “कारण नसेल तर काय होईल ते सांगून गेल्या. मग बसून विचार केला. चाळीस घरांचा रोजगार, म्हणून आम्ही माघार घेतली, असं सांगेन. पटण्यासारखं आहे. तुम्ही काळजी करू नका भाऊ.”

म्हणजे काम झालं होतं. ज्यासाठी तो दिवसभर वणवण फिरला ते हातात आयतं पडलं होतं. त्याने आभार मानून निघायला हवं होतं. पण तो ‘भाऊ’ त्याच्या कानात अडकला. सहा वर्षं ही बाई त्याला ‘ओ खाणमालक’ म्हणत आली होती, आणि तेही असं की पुढे शिवी असावी.

“आणि खरं कारण?”

“खरं कशाला हवंय?”

“मला हवंय.”

नळबाईंनी भिंतीपाशी जाऊन बटण दाबलं. पंप धापा टाकत थांबले. इतकी शांतता झाली की नळातून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं.

“त्या दिवशी मी भांडायच्या तयारीने आले होते,” त्या म्हणाल्या. “वस्तीचा झरा त्या उताराखालून येतो. तुम्ही पश्चिमेला सुरुंग लावायचात तेव्हासुद्धा तो गढूळ व्हायचा. पूर्वेला लावलात तर काय होईल, कुणीही सांगेल. सगळं पाठ करून आले होते. आणि तुम्ही आत आलात. ती बटणं.” त्यांनी मान फिरवली. “मी तोंडच उघडलं नाही. इतरांनीही नाही. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. वाटलं, आज नको, पुढच्या वेळी बोलू. पुढच्या वेळी ते झालेलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.”

“म्हणजे दया केलीत.”

“तुम्हाला एक माहीत नसेल,” नळबाई म्हणाल्या. “टेबलावर तुम्ही माझ्यावर ओरडलात की दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरून तिचा फोन यायचा. दर वेळी. ‘ह्यांचं मनावर घेऊ नका, रात्रभर झोपले नाहीत हो.’ मग आम्ही दोघी तुम्हाला मनसोक्त नावं ठेवायचो, आणि पुढच्या बैठकीला मी परत तुमच्यासमोर बसू शकायचे. त्या दिवशी वाटलं, आता भांडले तर उद्या फोन कुणाचा येणार?”

खाणवाल्याला बसावंसं वाटलं, आणि इथे बसायला काही नव्हतं. सहा वर्षं आपण एकटेच टेबल लढवतो आहोत असं तो समजत आला होता.

“मी परवा सांगते तेच सांगणार,” नळबाई म्हणाल्या. “वस्तीला काय तोंड दाखवायचं ते माझं मी बघेन.” आणि त्यांनी पंप चालू केले.

बैठकीच्या दिवशी लेक गाडी चालवत होती. खाणवाला कालचा अख्खा दिवस कुणाशी बोलला नव्हता, आणि आता एकदम म्हणाला, “मी त्यांना प्रश्न विचारायला लावणार आहे. समोरासमोर. उतार घेईन तर भांडून घेईन. भीक नको.”

“बाबा, त्या कारण सांगतायत. तुम्ही गप्प बसायचंय फक्त.”

“मी भांडलो की जिंकतो.”

“कधी जिंकलात?” लेक म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला, गाडीत दोघंच असून. “आणि त्या भोकाचं काय? कुणी विचारलं तर?”

उतार मिळाल्यावर दोघांनी तिथे चाचणीचा एक बोअर मारला होता. तीस फुटांवर तो ओला निघाला. एका भोकाने काय सिद्ध होतं, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं आणि तो बुजवून टाकला. तेव्हापासून त्या भोकाचं नाव घरात निघालं नव्हतं.

“कुणी विचारणार नाही,” खाणवाला म्हणाला.

“म्हणूनच सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

टेबल भरायचं ते अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये. खाली बंब धुणं चाललं होतं, फरशीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वर येत होता. तपासणीच्या बाई समन्वयकाच्या शेजारी बसल्या. लेक भिंतीलगतच्या खुर्चीत. निर्णय एकेक करून वाचले जात होते, हरलेला माणूस उठून कारण सांगत होता, बाई मान डोलवत होत्या. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की समन्वयकाच्या चेहऱ्यावर सहा वर्षांत पहिल्यांदा रंग आला होता.

“पूर्वेचा उतार,” बाई म्हणाल्या.

नळबाई उठल्या. “चाळीस घरांचा रोजगार...” त्यांनी सुरुवात केली.

“थांबा,” खाणवाला म्हणाला. “हे कारण परवा तयार झालंय. त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नव्हतं. आज विचारा.”

गोठेवाला टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिला. समन्वयक म्हणाला की आपण सगळे थकलो आहोत, जरा चहा घेऊ. नळबाई उभ्याच होत्या.

“मला काही विचारायचं नाही भाऊ.”

“कशाला विचाराल,” खाणवाला म्हणाला. त्याने मुद्दाम जुना आवाज काढला, टेबलावर हात आपटायचा. “तुमचं पाणी गढूळ होतं, कारण तुमच्या पाइपांना जागोजागी गळती आहे. दुरुस्त करायची अक्कल नाही आणि खापर फोडायला आमचे सुरुंग. अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या नावाने बोंबा मारण्यात गेलं.”

लेकीने डोळे मिटले. नळबाईंनी हातातला रुमाल टेबलावर ठेवला.

“गळती आम्ही गेल्या वर्षीच काढली, खाणमालक,” त्या म्हणाल्या. “विचारा म्हणता? विचारते. सुरुंग किती खोल?”

“बेतशीर. वीस फूट.”

“पश्चिमेला वीस म्हणून पस्तीसवर गेला होतात. इथे कोण मोजणार?”

“जंगलखातं मोजेल.”

“जंगलखात्याकडे मोजायला माणूस आहे का?” साहेबाने नाही म्हटलं, आणि आवाज चढवूनच म्हटलं, कारण त्यालाही आता जोर आला होता. गोठेवाल्याने विचारलं की चार वर्षांनी माझ्या गाई कुठे चरणार, आणि तो भाऊ म्हणाला नाही. खाणवाला एकेकाला उत्तरं देत होता. घाम फुटला होता, घसा बसत चालला होता, आणि कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं त्याला जिवंत वाटत होतं. त्याने झाडांचं सांगितलं, धुळीला पत्र्याचं आवरण घालायचं सांगितलं, चाळीस घरांचं तर असं सांगितलं की समन्वयकाने चष्मा काढून पुसला. तो जिंकत होता. लेकीने डोळे उघडले होते आणि ती पुढे सरकून बसली होती.

“एकच राहिलं,” नळबाई म्हणाल्या. “उताराखाली पाणी किती खोल लागतं? तुम्हाला माहीत आहे का?”

नाही, एवढं म्हटलं की संपत होतं. खोटं बोलायला त्याला कधी जड गेलं नव्हतं. धंद्यात कुणाला जातं? पण नळबाई आज त्याच्या तोंडावर त्याला भिडल्या होत्या. अशा माणसाला फसवायचं तर मग परवा मिळत असलेली दया काय वाईट होती? खाली बंबावर पाणी पडत होतं. लेक त्याच्याकडे बघत होती आणि अगदी बारीक मान हलवत होती, नको म्हणून.

“माहीत आहे,” खाणवाला म्हणाला. “बोअर मारला होता. तीस फुटांवर चिखल निघाला. दुसऱ्या दिवशी भोक पाण्याने काठोकाठ भरलेलं होतं.”

“कधी?”

“उतार मिळाल्यावर.”

“आणि कुणाला सांगितलंत?”

“कुणाला नाही.”

भिंतीलगतची खुर्ची करकरली. लेक उठून बाहेर निघून गेली.

तपासणीच्या बाईंनी समन्वयकाला खूण केली आणि त्याने पुन्हा फेरी सुरू केली. नाही चालणार. नाही चालणार. गोठेवाल्याने तेच म्हटलं, आणि पंधरा वर्षांच्या दोस्ताकडे बघून म्हटलं. फेरी पुरी झाल्यावर बाई खाणवाल्याकडे वळल्या.

“आता हरलेले तुम्ही आहात. कारण?”

“खाली पाणी आहे,” तो म्हणाला. “आणि ते त्यांचं आहे. लिहा.”

त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या की या आराखड्यातला हा पहिला निर्णय आहे ज्यावर मला पुढे काही विचारायचं नाही. खाणवाल्याला त्याने काही बरं वाटलं नाही.

जिन्यात गेले कित्येक महिने लोक त्याला आधी जाऊ द्यायचे. आज कुणी थांबलं नाही. नळबाई मधल्या वळणावर मागे फिरल्या आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या, “इतके दिवस माहीत होतं तुम्हाला. माझ्या वस्तीतल्या लेकरांनी गाळ प्यायला असता, आणि मी त्यासाठी कारण शोधत बसले होते. लाज वाटली पाहिजे.” आणि त्या तरातरा खाली उतरल्या. खाणवाल्याने मान खाली घातली.

लेक गाडीत स्टिअरिंग धरून बसली होती. गाडी सुरू केली नव्हती.

“चाळीस घरांना मी काय सांगू?” ती म्हणाली.

“मी सांगतो. आत्ता जाऊन सांगतो.”

“मी नोकरी सोडून आले बाबा. तुमच्यासाठी आले.” तिचा आवाज कापत होता, रागाने. “आई असती तर तुम्ही असं केलं नसतंत. तिने होऊच दिलं नसतं.”

“ती असती,” खाणवाला म्हणाला, “तर उतार आपल्याला मिळालाच नसता. त्यांनी मला त्याच दिवशी हरवलं असतं.”

म्हणायला तो हे सहज म्हणाला. मग त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचला. उतार हातात होता तोवर अख्खं खोरं तिच्यासाठी थांबलं होतं, आवाज खाली आणून, स्टूल पुसून देऊन. आता कुणी थांबलेलं नव्हतं. ती गेली होती, आणि ते त्याला आज, या गाडीत, भर दुपारी कळत होतं. त्याने तोंडावर दोन्ही हात घेतले. तिच्या अंत्ययात्रेत तो रडला नव्हता, नंतरही नाही, आणि आता त्याला थांबता येईना.

लेकीचा राग गेला नव्हता, पुष्कळ दिवस जाणारही नव्हता. मग तिने चावी काढून घेतली, सीटवर बापाच्या बाजूला सरकली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून तीही रडायला लागली. क्रशरवरची माणसं सुट्टी होऊन घरी जायच्या आत त्यांना खाणीवर पोचायचं होतं. पण ती दोघं आणखी थोडा वेळ तिथेच बसली.